अख्खी चिंच आणा, घरीच फोडा आणि वर्षभर ठेवा

दुकानातली काळी, चिकट गोळा झालेली चिंच आणून कंटाळा आला असेल तर फेब्रुवारी-मार्चमधे झाडाखालची अख्खी चिंच घ्या. फोडायला वेळ जातो खरा, पण आमटीची चव बदलते. झाड मूळचं आफ्रिकेचं बरं का, शेंगवर्गातलं. सुदान, सेनेगलच्या कोरड्या माळावर आपोआप वाढतं. अरबांनी तमर हिंदी म्हंजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं, त्यातून शास्त्रीय नाव पण टॅमरिंडस इंडिका पडलं, म्हणून सगळ्यांना ते आपलंच वाटतं.

घेताना बोटूक कानाजवळ हलवून बघा. पिकलेलीचा गर आकसून टरफलापासून सुटतो म्हणून आतून खुळखुळ आवाज येतो, आणि बोटानं दाबलं की टरफल कुडकुडीत फुटतं. गाभुळी खायला मस्त पण साठवायला नको, ओली असते.

दोन दिवस कडक ऊन द्यायचं, मग टरफल काढायचं, देठाकडून ओढलं की शिरा एकदम निघून येतात. चिंचोके काढायला पाट्यावर ठेवून हलक्या हातानं ठेचा, हाताला थोडं गोडेतेल लावा म्हंजे चिकटत नाही. आता महत्त्वाचं, फोडल्यावर परत एक दिवस ऊन द्यायचंच. आम्ही एका वर्षी आभाळ आलंय म्हणून तशीच बरणीत भरली आणि आषाढात झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी, चार किलो चिंच गेली. ऊन झालं की किलोला साधारण 100 ग्रॅम जाडं मीठ, थर देत देत चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या बरणीत दाबून भरा. तांब्या-पितळेत आणि ॲल्युमिनियममधे अजिबात नको, आंबटाने भांडं खातं.

कोळ काढून उरलेला चोथा फेकू नका, त्यात मीठ घालून देवाची तांब्या-पितळेची भांडी घासा, काळपटपणा लगेच जातो. चिंचोके भाजून, वरची साल काढून सुपारीसारखे चघळता येतात, त्यांच्याच पिठाची खळ कापडाच्या आणि तागाच्या धंद्यात वापरतात. सेनेगलमधे चिंचेला दखार म्हणतात, गर पाण्यात भिजवून, गाळून, साखर घालून गार पितात, आपल्या उन्हाळ्यात पण हे करून बघाच. आणि कोवळा चिगूर मिळाला तर सुकं खोबरं, लसूण, लाल मिरचीसोबत चटणी करा, भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

झाड लावायचं असेल तर चिंचोके रात्रभर भिजवून पिशवीत लावा, पण फळाला सात-आठ वर्षं तरी थांबावं लागतं, कलम घेतलं (प्रतिष्ठान जात चांगली) तर लवकर धरतं. दोन झाडांत 10 मीटर अंतर ठेवा, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घाला, पुढे ते स्वतःचं बघून घेतं. बांधावर लावणार असाल तर शेजारच्याला आधी विचारा, सावली लांबपर्यंत पडते आणि तिच्याखाली पीक नीट येत नाही.