आखेनला निघण्याआधी: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांसाठी

इंजिनिअरिंग संपत आलं की आपल्याकडे जर्मनीची चर्चा सुरू होते आणि त्यात आखेनचं नाव निघतंच. तिथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात बहुतेक मास्टर्सना ट्यूशन फी नाही. दर सेमिस्टरला साधारण तीनशे युरो भरायचे, त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. एवढं ऐकून घरचे खूश होतात. मी तिथंच मास्टर्स केलंय, म्हणून पुढचं सांगतो.

आधी सगळ्या कागदांवरचं नाव तपासा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नुसतं आद्याक्षर, डिग्रीवर पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. दुरुस्ती इथंच करून घ्या. डिग्री व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची) असेल तर विद्यापीठ बेळगावजवळ मच्छेलाच आहे, काही अडलं तर स्वतः जाऊन विचारता येतं. बिदरच्या पोराला ही चैन नाही. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, स्टुडंट व्हिसासाठी नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे, त्याचा अर्ज लवकर टाका.

व्हिसासाठी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा सल्ला ऐकू नका. आपण कर्नाटकात राहतो, आपली फाईल बंगळूरच्या जर्मन वकिलातीकडे. वर्गातला महाराष्ट्रातल्या चंदगडचा मित्र मुंबईला जाईल, तुम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडा.

पैशांचं एवढंच, की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा, वाढतो तो). ते तुमचेच, महिन्याला 992 असे परत मिळतात. पार्टटाइम कामाच्या भरवशावर पहिलं वर्ष काढायचा हिशेब मात्र कुणी करू नये.

खरी डोकेदुखी खोलीची. खोली मिळाली की घरमालक लेखी दाखला देतो, तो दाखवून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा. रेसिडन्स परमिट त्या नोंदीवरच मिळतं. खोली नाही तर सगळंच अडलं. म्हणून प्रवेशाची वाट न बघता विद्यार्थी वसतिगृहांच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव घालून ठेवा. खोली न दाखवता आगाऊ डिपॉझिट मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका.

आखेन आपल्यासारखंच सीमेवरचं गाव. बसनं थोडं पुढं गेलं की नेदरलँड्समधलं फाल्स लागतं, वाटेत कायमचा नाका नाही, तपासणी झालीच तर अधूनमधून. कोगनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडताना जेवढं जाणवतं तेवढंही तिथं एरवी जाणवत नाही. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, तेव्हा लोक सामानाला फाल्सला जातात. तुम्हीही जा. पण तिथं खोली रिकामी दिसली म्हणून राहायला जाऊ नका. युरोपातल्या मुलांना ते चालतं. आपलं परमिट जर्मनीत राहण्यासाठीचं असतं, पत्ता हद्दीपलीकडे गेला की तेच धोक्यात येतं.

कोर्स इंग्रजीत आहे म्हणून जर्मन टाळू नका. ऑफिसची, विम्याची, वीज कंपनीची पत्रं सगळी जर्मनमध्ये येतात. तहसीलदार ऑफिसात कन्नड फॉर्म हातात घेऊन कुणाला तरी विचारत उभं राहिलेली माणसं आपण, आपल्याला हे नवीन नाही. फक्त इथं शेजारी उभा असलेला ओळखीचा निघतो, तिथं निघत नाही. बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून जा. मराठी मुलांच्या ग्रुपवर सगळं विचारता येतं हे खरं, पण तिथली निम्मी उत्तरं ऐकीव असतात.

परीक्षेची पद्धत शेवटपर्यंत अंगवळणी पडत नाही. इथल्यासारखे इंटर्नलचे मार्क हाताशी नसतात, बऱ्याच विषयांत शेवटच्या पेपरावरच सगळं. 1.0 सर्वोत्तम, 4.0 ला जेमतेम पास. एकाच सक्तीच्या विषयात तीनदा नापास झालात तर कोर्स संपला, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. पहिल्या सेमिस्टरला जास्त विषय घेऊन शूर होऊ नका.

बॅगेत छोटा कुकर आणि मसाले घाला. कुंदा मात्र घरीच खाऊन या, कारण दुधाचे पदार्थ भारतातून युरोपात न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर तो काढून घेतात.