पुणे-दिल्ली विमानाला किती वेळ लागतो? हिशेब करताना या चुका टाळा

आमच्या आत्याची हरिद्वारची गाडी चुकली ती माझ्या हिशेबामुळे. पुण्याहून दिल्लीला विमान सव्वादोन तासांत पोहोचतं, त्यानंतर दीड तासाने रेल्वे, म्हणजे भरपूर वेळ आहे, असं मी धरून चाललो. विमान अगदी वेळेवर उतरलं. पण टर्मिनलमधली लांबलचक चाल, पट्ट्यावर बॅग येईपर्यंतचा वेळ, मग स्टेशन गाठणं. पासष्टीची बाई बॅग ओढत फलाटावर पोहोचली तेव्हा गाडी निघून गेली होती. ही चूक इतरांनी करू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त घोळ अंतरात होतो. मोबाइलच्या नकाशात पुणे-दिल्ली १,४०० किलोमीटरच्या वर दिसतं. ते रस्त्याचं अंतर. सरळ रेषेत हे अंतर साधारण १,१५० किलोमीटर भरतं. आता विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरून भागाकार केला, तर उत्तर येतं जेमतेम एक तास पंचवीस मिनिटं. मग तिकिटावर सव्वादोन तास कसे? कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिथे नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. वर चढताना वेग कमी असतो. दिल्लीच्या जवळपास दोनशे किलोमीटर आधीच विमान खाली यायला लागतं, आणि हवाई मार्गही सरळ रेषेत आखलेले नसतात. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात, म्हणून कधी कधी विमान वेळेआधीही पोहोचतं. त्यामुळे भागाकार करत बसू नका, तिकिटावरचीच वेळ धरा.

परदेशी जाताना घड्याळ फसवतं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. रात्री ८ ला निघून १० ला पोहोचणार असं तिकिटावर दिसलं, तर प्रवास दोन तासांचा नसून साडेतीन तासांचा आहे. दोन्ही वेळा आपापल्या शहरातल्या असतात. येताना हाच प्रवास पाच तासांचा वाटतो, पण पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर प्रत्यक्षात तो जाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोनदा वाचा. १५ तारखेचं ००:२० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री घरातून निघायचं. १५ ला रात्री जेवून निघालात, तर विमान कधीच गेलेलं असेल.

आणि पुण्यातलं पुणं! कोथरूडहून लोहगावला जाताना संध्याकाळी नगर रोडला अडकलात की सगळं गणित कोलमडतं. देशांतर्गत विमानांसाठी बहुतेक कंपन्यांचं काउंटर तासभर आधी बंद होतं, गेट पंचवीस मिनिटं आधी. सामान कमी असेल तर मी वनाजहून मेट्रोने रामवाडीला उतरतो आणि पुढे रिक्षा करतो. पावसाळ्यात याचा फार आधार वाटतो.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं. त्या दिवसांत सकाळचं विमान आणि त्याच दिवशीची पुढची गाडी, अशी जोडणी करूच नका. यंदा आत्याची तिकिटं काढताना मी मधली एक रात्र दिल्लीत मुक्कामाला ठेवली आहे, गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची.