एका मशीनवर दोन-तीन डेस्कटॉप आणि स्क्रीनसेव्हरची भांडणं

आपल्या इंदूरात जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळाला की त्यावर मिंट नाहीतर उबंटू हे लिनक्स पडतं, आणि मग हळूहळू डेस्कटॉप, म्हणजे मेनू-खिडक्यांची वेगवेगळी रूपं, वाढत जातात. घरातल्या म्हाताऱ्या मंडळींना जुना मेनू हवा म्हणून माटे, मशीन दमतंय म्हणून एक्सएफसीई, पोरांना केडीई चकचकीत दिसतं म्हणून तेही. लॉगिनला ज्याला जो पाहिजे तो त्याने निवडायचा, इथवर सगळं छान. गडबड स्क्रीनसेव्हरपासून सुरू होते. पासवर्ड दोनदा मागतो, क्रिकेट बघता बघता स्क्रीन काळी होते, नाहीतर ॲनिमेशन निवडून ठेवलंय पण ते कधी दिसतच नाही. आमचे रामबागेतले नाना फोनवर म्हणतात, "अरे, आत्ताच दिला ना पासवर्ड, परत काय मागतोय हा?" नाना, तो वेगळा आहे, पहिल्याच्या मागे दुसरा उभा आहे.

प्रत्येक डेस्कटॉप आपला स्वतःचा कुलूपवाला घेऊन येतो. माटेचा माटे-स्क्रीनसेव्हर, एक्सएफसीईचा एक्सएफसीई4-स्क्रीनसेव्हर (हा माटेवाल्यातूनच निघालाय), केडीईचं कुलूप केडीईच्या आतच, ग्नोमचं (उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) ग्नोम शेलच्या आत, आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचा, 1992 सालचा, जेमी झाविन्स्कीचा एक्सस्क्रीनसेव्हर. शिवाय कुठे कुठे लाइट-लॉकर असतो तो वेगळाच. आता गंमत बघा, फायरफॉक्स किंवा व्हीएलसी व्हिडिओ लावताना डीबसवर (प्रोग्रामांची आपसात बोलायची वाट) निरोप देतात की बाबा थांब, स्क्रीन बंद करू नको. हा निरोप ज्या नावाने जातो ते नाव एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. दोन स्क्रीनसेव्हर चालू असले तर एकाला निरोप पोचतो, दुसऱ्याला पत्ताच नसतो, तो आपला घड्याळ बघून दहा मिनिटांनी पडदा पाडतो. मॅच मध्येच काळी होते ती बहुतेक वेळा यामुळे. लोक मात्र फायरफॉक्स पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

म्हणून नवीन काही टाकायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, सेशन एक्स11 आहे की वेलँड, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायची जुनी पद्धत चालू आहे की नवी. टर्मिनलमध्ये एक्सडीजी सेशन टाइप नावाचा व्हेरिएबल इको केला की लगेच कळतं. दुसरी, आत्ता नक्की कोण कोण चालू आहे. त्यासाठी चालू प्रोग्राम शोधणाऱ्या पीग्रेप कमांडला मायनस ए एफ देऊन इंग्रजीत 'स्क्रीनसेव्हर' शोधा आणि मग तसंच 'लॉकर' शोधा. एफ विसरू नका भिया, कारण एफ नसेल तर पीग्रेप प्रोग्रामच्या नावाची फक्त पहिली 15 अक्षरं बघतो, आणि माटे-स्क्रीनसेव्हरचं इंग्रजी नाव बरोबर 16 अक्षरांचं आहे, म्हणजे चालू असूनही तो यादीत येणार नाही आणि तुम्ही म्हणाल इथे तर कोणीच नाही. ग्नोम आणि केडीईचे मात्र असे वेगळे दिसतीलच असं नाही, ते आतच बसलेले असतात, त्यामुळे त्या सेशनमध्ये तुम्ही बाहेरून आणलेला दुसरा कोणी दिसला की समजा दोन झाले.

आता एकाला ठेवायचं, बाकीच्यांना त्या सेशनपुरतं घरी पाठवायचं. सोपा उपाय म्हणजे नको तो पॅकेजच काढून टाकणं, आणि लाइट-लॉकरच्या बाबतीत मी तेच करतो, उगाच जीव कशाला जाळा. पण दोन्ही डेस्कटॉप खरंच वापरात असतील तर ऑटोस्टार्टमधून, म्हणजे लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून, बंद करा. इथे एक खड्डा आहे. एक्सएफसीईत सेशन अँड स्टार्टअप उघडून टिक काढली की ती होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिगच्या आत ऑटोस्टार्ट फोल्डरात एक फाइल बनवते आणि त्यात 'हिडन' ही ओळ ट्रू करून ठेवते. ही ओळ फक्त एक्सएफसीईपुरती नसते, त्या युजरच्या सगळ्या डेस्कटॉपना लागू होते. म्हणजे इथे बंद केलं की तिकडे माटेत पण कुलूप गायब, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्यापेक्षा फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा, ते फोल्डर उघडा, त्या फाइलीत हिडनशिवाय काही नसेल तर तिच्या जागी ईटीसी-एक्सडीजी-ऑटोस्टार्टमधल्या मूळ फाइलीची कॉपी ठेवा, मग ती टेक्स्ट एडिटरमध्ये घ्या, हिडनची ओळ असेल तर काढा आणि 'नॉट शो इन' ची ओळ टाकून त्यात ज्या डेस्कटॉपमध्ये नको त्याचं नाव लिहा. मात्र 'ओन्ली शो इन' ची ओळ आधीच असेल तर तिच्यातच बदल करा, दोन्ही एकत्र ठेवू नका.

ज्यांना फक्त जुनी ॲनिमेशनं हवीत, ते पाइप, ते उडणारे टोस्टर वगैरे, त्यांनी अख्खा एक्सस्क्रीनसेव्हर टाकायची गरज नाही. डेबियन-उबंटूत नुसती एक्सस्क्रीनसेव्हर-डेटा आणि एक्सस्क्रीनसेव्हर-जीएल ही पॅकेजं टाका, ज्यांच्या मागे 'एक्स्ट्रा' आहे तीही. यात चित्रं येतात, कुलूपवाला येत नाही, आणि माटे आणि एक्सएफसीई आपापल्या सेटिंगमध्ये ती यादी दाखवतात. ग्नोममध्ये हे जमत नाही, ग्नोम 3 आलं 2011 मध्ये आणि तेव्हापासून तिथे फक्त काळा पडदा. केडीईतही प्लाझ्मा 5 (केडीईच्या डेस्कटॉपचं नाव प्लाझ्मा) पासून ही जुनी ॲनिमेशनं गेली, तिथे लॉक स्क्रीनला वॉलपेपर बदलून समाधान मानायचं.

ॲनिमेशन निवडलं तरी दिसत नाही, ही तक्रार असेल तर पॉवर मॅनेजर उघडा. स्क्रीनसेव्हर दहा मिनिटांवर आणि एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर पाच मिनिटांवर मॉनिटर बंद करतोय, मग टोस्टर उडणार कुठे? डिस्प्ले टॅबमधले आकडे स्क्रीनसेव्हरच्या पुढे न्या. एक्सस्क्रीनसेव्हरमध्ये पण ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये मॉनिटर बंद करायची वेगळी सोय आहे, तर दोघांपैकी एकाकडेच ते काम ठेवा. आणि एवढं करूनही काळं होत असेल तर टर्मिनलमध्ये एक्ससेट क्यू चालवून बघा, एक्स सर्व्हरचा स्वतःचाही एक टायमर असतो, बऱ्याचदा 600 सेकंदांवर, तो कोणाच्याच सेटिंगमध्ये दिसत नाही.

एक्सएफसीईत मेनूतलं लॉक बटण दाबल्यावर भलताच उठत असेल तर सेटिंग्ज एडिटरमध्ये एक्सएफसीई4-सेशन चॅनलमध्ये जा, जनरलखाली लॉक कमांड नावाची प्रॉपर्टी आहे, नसेल तर बनवा, आणि त्यात हव्या त्या स्क्रीनसेव्हरची लॉक करायची कमांड लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

वेलँड असेल तर वरचं बरंचसं विसरा. तिथे बाहेरच्या प्रोग्रामला अख्खी स्क्रीन आणि कीबोर्ड धरून बसायची मुभाच नाही, त्यामुळे एक्सस्क्रीनसेव्हर टाकून कुलूप लागेल अशी आशा ठेवू नका. ग्नोम आणि प्लाझ्मात डेस्कटॉपचंच कुलूप वापरा, स्वेसारख्या छोट्या वेलँड डेस्कटॉपात स्वेलॉक आणि स्वेआयडल. आणि जुन्या सेशनवर परत जाऊ म्हणाल तर तेही आता कमी होत चाललंय, प्लाझ्मा 6 आलं 2024 मध्ये तेच वेलँड डिफॉल्ट घेऊन, आणि उबंटू 25.10 मध्ये ग्नोमचं एक्स सेशन मिळतच नाही. मला स्वतःला ॲनिमेशनचं वाईट वाटतं, पण कुलपाच्या बाबतीत वेलँडचं बरोबर आहे. एक्समध्ये कुलूप म्हणजे सगळ्यांच्या वर पसरलेली एक साधी खिडकी, तो प्रोग्राम क्रॅश झाला की खालचा डेस्कटॉप उघडा. जानेवारी 2021 मध्ये मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये हेच झालं, लहान मुलांनी लॉक स्क्रीनवर खरा आणि ऑनस्क्रीन, दोन्ही कीबोर्ड बडवले आणि कुलूप कोसळून मशीन उघडं पडलं. वेलँडच्या नव्या सेशन लॉक प्रोटोकॉलमध्ये कुलूपवाला मेला तरी स्क्रीन बंदच राहते.

सगळं बदलून झालं की एकदा हाताने लॉक करा, मग लॅपटॉपचं झाकण लावून उघडा, पासवर्ड एकदाच मागतोय ना ते बघा. मग दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये लॉगिन करून तिथेही तेच करा, हे दुसरं सगळे टाळतात.

आणि कधी पडदा काळाच राहिला, पासवर्डचा डबा येतच नसेल, तर मशीनचं बटण दाबून मारू नका. कंट्रोल ऑल्ट एफ3 दाबा, नुसत्या अक्षरांचा पडदा येईल, तिथे नाव-पासवर्ड टाका, आणि लॉगिनसीटीएल कमांडला अनलॉक-सेशन्स सांगा. ग्नोम-केडीई ऐकतात. एक्सस्क्रीनसेव्हर ऐकला नाही तर पीकिल कमांडने त्याला बंद करा आणि मग कंट्रोल ऑल्ट एफ7, एफ1 किंवा एफ2, जिथे तुमचा डेस्कटॉप असेल तिथे परत या. नानांच्या मॉनिटरच्या मागे हे मी चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय, पासवर्ड सोडून.