बीटल्सचे सुरुवातीचे अल्बम: एकेका कानाने कसे ऐकावेत

बीटल्सचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' कसा ध्वनिमुद्रित झाला हे समजायला एक हेडफोन पुरतो. आवृत्ती मात्र 2009ची स्टिरिओ हवी, म्हणजे दोन कानांत वेगवेगळा आवाज देणारी. 1987 साली पहिले चार अल्बम सीडीवर मोनोतच (दोन्ही कानांत एकच आवाज) आले होते, त्यांच्यावर हा प्रयोग फसतो. 2023चं 'लाल' संग्रहातलं (1962-1966च्या निवडक गाण्यांचा संग्रह) मिश्रणही नको. त्यात वाद्यं संगणकाने सुटी करून नव्याने मांडली आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' बंद आहे ना, तेवढं पाहून घ्या.

आधी 'ट्विस्ट अँड शाउट' लावा आणि फक्त उजव्या कानाने ऐका. गाणारे आवाज पुढे, ड्रम मागे अंधुक. मग फक्त डावा कान: वाद्यं. लंडनच्या ईएमआय स्टुडिओतलं यंत्र दोनच ट्रॅकचं होतं, एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गायन. सगळे एकाच खोलीत एकदमच वाजवत-गात होते, म्हणून ड्रम गायकांच्या माइकमध्ये शिरले. ही फाळणी स्टिरिओच्या हौसेपोटी नव्हती. नंतर मोनो मिश्रण करताना गायन आणि वाद्यं कमी-जास्त करता यावीत, एवढाच हेतू. 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात दहा गाणी झाली. 'ट्विस्ट अँड शाउट' सगळ्यात शेवटचं, सर्दीने जॉन लेननचा घसा बसलेला असताना. तो खरखरीतपणा उजव्या कानात लपत नाही.

'आय सॉ हर स्टँडिंग देअर'मधल्या टाळ्या नंतरच्या. रिकामा ट्रॅक नसल्याने अख्खी टेप दुसऱ्या टेपवर उतरवायची आणि त्याच वेळी टाळ्या वाजवायच्या. अशा प्रत्येक उतरवणीत टेपची सरसर वाढते, म्हणून हा उपाय बेताने वापरायचा.

'लव्ह मी डू'मध्ये मात्र कान बदलून काही हाती लागत नाही. मूळ दोन ट्रॅकची टेप राहिली नाही, उरलं ते मोनो. इथे टँबोरिन (छोट्या झांजा लावलेली डफली) शोधा. ती ऐकू आली तर मुद्रण 11 सप्टेंबर 1962चं: ड्रमवर बाहेरून बोलावलेला वादक अँडी व्हाइट, टँबोरिन बीटल्सचा ड्रमर रिंगोच्या हातात. अल्बमवर हेच आहे. सुरुवातीच्या सिंगलवर 4 सप्टेंबरचं, रिंगोच्या ड्रमचं, टँबोरिनशिवाय. रिंगोआधीचा ड्रमर पीट बेस्टचं 6 जूनचं मुद्रण 'अँथॉलॉजी 1' या संग्रहावर मिळेल.

'प्लीज प्लीज मी' या गाण्याच्या स्टिरिओत शेवटच्या कडव्यात शब्द चुकतात आणि जॉनला हसू फुटतं. मोनोत ही चूक नाही, कारण ते वेगळ्या टेकवरून (गाण्याच्या वेगळ्या मुद्रणावरून) बनलं.

ऑक्टोबर 1963मध्ये चार ट्रॅकचं यंत्र हाती आलं. त्यानंतरच्या 'आय शुड हॅव नोन बेटर'च्या स्टिरिओत सुरुवातीचा माउथऑर्गन क्षणभर गायब होतो. तिथे हेडफोनची वायर हलवत बसू नका; मिश्रणातच तसं आहे.