अर्धाच एलूल वाचला तेव्हा

ख्रिस्ती तत्त्वज्ञान तंत्रज्ञानाकडे कसं बघतं, हा विषय घेतला आणि पहिली चूक वाचनाच्या क्रमातच झाली. सगळे ज्याचं नाव घेतात तो जाक एलूल आधी उचलला. बोर्डो विद्यापीठात शिकवणारा फ्रेंच प्रोटेस्टंट. त्याचा तंत्रावरचा १९५४ सालचा जाडजूड ग्रंथ संपवून मी निबंधात ठोकून दिलं, की एलूल यंत्रविरोधी आणि निराशावादी. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं : ‘आणि उरलेला अर्धा?’

उरलेला अर्धा म्हणजे त्याचं धर्मचिंतन. एलूल दोन्ही प्रकारचं लेखन जोडीनं करायचा. समाजशास्त्रीय पुस्तकांत तो वाटा बंद होताना दाखवतो, बायबलवरच्या लेखनात आशेबद्दल बोलतो. शिवाय त्याचा रोख यंत्रांवर नव्हताच. त्याच्या लेखी ‘तंत्र’ म्हणजे प्रत्येक कामाची सर्वांत कार्यक्षम पद्धत शोधायची आणि मग दुसरी कुठलीच चालू द्यायची नाही, ही वृत्ती. ती कारखान्यात असते तशी कचेरीत, शाळेत, आणि हो, चर्चच्या कारभारातही. एवढं कळल्यावर अख्खा निबंध बाद.

आता कुणी विचारलं तर मी आधी बायबलमधलं पहिलं, उत्पत्तीचं पुस्तक वाचायला सांगते. दुसऱ्या अध्यायातली बागेची मशागत आणि राखण, चौथ्यात काइनाच्या वंशातला धातुकाम करणारा तुबल-काइन, अकराव्यात माणसांनी आकाशाला भिडवायला घेतलेला बाबेलचा बुरूज. बरेचसे वाद यांच्या अर्थावरूनच पेटतात. १९६७ साली इतिहासकार लिन व्हाइटनं पर्यावरणाच्या संकटाचा दोष सृष्टीवर सत्ता गाजवण्याच्या ख्रिस्ती कल्पनेवर ठेवला, तेव्हा उत्तर देणारे त्या ‘राखण’ शब्दाकडेच वळले. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं २०१५ चं परिपत्रकही घ्या. त्यातला तंत्रज्ञानाबद्दलचा तिसरा अध्याय पुरे.

मला सर्वांत उपयोगी पडला तो तत्त्वज्ञ आल्बर्ट बोर्गमन. १९८४ च्या पुस्तकात तो चूल आणि घरभर ऊब देणारी यंत्रणा शेजारी ठेवतो. चुलीसाठी कुणी लाकडं फोडायचं, कुणी जाळ सांभाळायचा, आणि सगळे तिच्याभोवती जमायचे. यंत्रणा ऊब तेवढी देते, बाकी सगळं गळून पडतं. (चूल फुंकण्याचा त्रास कुणाच्या वाट्याला यायचा, हा प्रश्न त्याला विचारायलाच हवा.)

दुसरा निबंध मी घड्याळावर लिहिला : मठातल्या प्रार्थनेच्या वेळांपासून कामाच्या पाळीपर्यंत. एलूल त्यात एकाच परिच्छेदापुरता आला.