जुन्या हॉटेलात अपग्रेड मागताना

चेन हॉटेल जुनं झालं की दुरुस्ती बहुधा टप्प्याटप्प्याने होते: एक विंग चकाचक, दुसरीत तोच कळकट गालिचा आणि घरघरणारा एसी. म्हणून हॉटेल कंपनीच्या सदस्यत्व योजनेतल्या गोल्ड-प्लॅटिनम अशा वरच्या दर्जाच्या सदस्यांनी, अपग्रेड मागताना, 'मोठी खोली द्या' म्हणण्याआधी 'नूतनीकरण झालेली खोली द्या' असं म्हणावं. जुन्या विंगमधल्या स्वीटपेक्षा नव्या विंगमधली साधी खोली केव्हाही बरी. आदल्या दिवशी थेट हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करा. कुठली विंग नवी, हे कॉल सेंटरपेक्षा त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. खोलीत गेल्यावर बॅग उघडण्याआधी एसी, गरम पाणी आणि कुबट वास तपासा. खोली बदलून मागायची तर तेव्हाच.

बुकिंग मात्र कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून. मेकमायट्रिपसारख्या ठिकाणी केलं, तर मॅरियट बॉनव्हॉय किंवा हिल्टन ऑनर्स या सदस्यत्व योजनांमध्ये सहसा ना पॉइंट जमा होतात, ना वरच्या दर्जासाठी रात्री मोजल्या जातात. मग कार्ड दाखवून उपयोग काय?

नाश्त्याचंही आधीच विचारा. अमेरिकेतल्या हिल्टनच्या फुल-सर्व्हिस (रेस्टॉरंटसह सगळ्या सोयी असलेल्या) हॉटेलांत २०२१पासून गोल्ड सदस्यांना मोफत नाश्त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रक्कम मिळते, आणि दोघांच्या बुफेला ती बऱ्याचदा अपुरी पडते.