वाइड रिसीव्हर ओळखायचा तर आधी पाय बघा

आमच्याकडे इंदूरला रविवारी रात्री साडेदहाला एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची मॅच लागते, नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला, मावसभाऊ सराफ्यातून गराडू, म्हणजे तळलेला कंद, घेऊन येतो आणि बसल्याबसल्या त्याचा प्रश्न ठरलेला, दादा हा पळतो किती? हा म्हणजे वाइड रिसीव्हर, क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पुढे पळून पकडणारा गडी. अरे पळण्यावर भाळू नको. जॉन रॉसने 2017 ला 40 यार्ड 4.22 सेकंदांत मारले, तेव्हाचा रेकॉर्ड, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, नववा गेला आणि पुढे फुस्स. त्याच ड्राफ्टमधला कूपर कप 4.62 वाला, 69वा गेला, आणि 2021 ला कॅच, यार्ड, टचडाउन (बॉल मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) तिन्हीत लीगमध्ये पहिला.

मग बघायचं काय, तर आधी बॉल बघणं सोडा. एक रिसीव्हर धरा आणि दहा प्ले फक्त त्याचे पाय बघा, कॅमेऱ्याबाहेर गेला तर रिप्लेची वाट बघा. समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला अडवणारा गडी, चिकटून उभा असेल तर पहिल्या दोन पावलांत हा त्याचे हात झटकून सुटतो की तिथेच कुस्ती खेळत बसतो?

खरी गंमत वळणावर. खो-खोत पक्का पळणारा वळेपर्यंत पत्ता लागू देत नाही ना, अगदी तसंच. दहा-बारा यार्ड सुसाट जायचं, कॉर्नरबॅक घाबरून पाठ फिरवून पळू लागला की कंबर खाली घालून दोन-तीन पावलांत थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे वळायचं. कच्चा गडी काय करतो, थांबायच्या आधीच ताठ उभा होतो आणि पाच-सहा बारीक पावलं टाकतो, म्हणजे जवळजवळ सांगूनच टाकतो की भाऊ, मी आता थांबतोय.

हात नंतर बघा. बॉल पंजांत, अंगापासून लांब पकडतो की छातीवर आदळू देतो? सुटलेले कॅच नुसते मोजू नका, मोकळा असताना पळायच्या घाईत नजर काढली म्हणून सुटला की दोघं अंगावर असताना सुटला, यात फरक आहे. कॉलेजच्या क्लिप बघत असाल तर साइडलाइनला दुसरा पाय तपासाच, तिथे एक पाय आत पडला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात.

यार्डांचे आकडे मी शेवटी बघतो, कारण क्वार्टरबॅक टुकार असेल तर बिचारा रिसीव्हर काय करणार.

परवा भावाने स्वतःच रिप्ले थांबवला, दादा, हा आधीच ताठ झाला बघ! गराडू पार गार झाले होते तोवर.